कोंबडीचे पंख कातडीसकट: फोंड्यातील खरेदी आणि घरची कढई

गेल्या जून आणि जुलैमध्ये आमच्या घरी कोंबडीचे पंख आठ वेळा शिजले. मुलगी पुण्याहून सुट्टीवर आली होती आणि तिकडच्या हॉटेलांत खाल्लेले, आतून मऊ, बाहेरून कुरकुरीत आणि वरून लाल आंबट-तिखट रस माखलेले पंख तिला घरी हवे होते. गोव्यात १ जून ते ३१ जुलै हे एकसष्ट दिवस मासेमारीबंदीचे असतात. बाजारात मासळी येते ती थोडी आणि महाग, त्यामुळे एरवी रविवारपुरती येणारी कोंबडी या दिवसांत आठवड्यातून दोनदा घरात येते, तेव्हा निमित्त आयतेच होते. या आठ वेळांत मी पंख निरनिराळ्या ठिकाणांहून विकत घेतले, तीन प्रकारे शिजवले आणि प्रत्येक वेळी काट्यावर ठेवून वजनाची नोंद केली, कारण बँकेतील नोकरीत लागलेली नोंदीची सवय निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. पुढचे सर्व मत त्या नोंदवहीवर आधारलेले आहे.

प्रथम पंखाविषयीच थोडे सांगायला हवे, कारण दुकानात 'विंग्स' म्हटल्यावर पुढ्यात काय पडेल याची खात्री नसते. एका पंखाचे सांध्यांवरून तीन भाग पडतात. खांद्याकडचा तुकडा लहानशा तंगडीसारखा गोल असतो, मधला तुकडा चपटा असून त्यात दोन समांतर हाडे असतात आणि शेवटच्या टोकात हाड, कूर्चा व कातडी यांखेरीज जवळपास काही नसते. चायनीज गाड्यांवर मिळणारे चिकन लॉलीपॉप प्रामुख्याने पहिल्या तुकड्याचे करतात. मांस हाडावरून खरवडून एका टोकाला गोळा केले की धरायला दांडी तयार होते. तिन्ही भाग मिळून मांस बेताचेच भरते, मात्र आकाराच्या मानाने कातडी पुष्कळ असते आणि सांध्यांभोवती कोलॅजेन हे चिवट प्रथिनही पुष्कळ असते. छातीचे मांस विस्तवावर पाच मिनिटे जास्त राहिले तर भुशासारखे होते. पंख मात्र जास्त वेळ शिजला तर सुधारतो, कारण ते कोलॅजेन सावकाश विरघळून त्याचे जिलेटिन होते आणि मांस हाडावरून ओठांनीच सुटते. कोंबडी सुरक्षितपणे शिजली असे म्हणण्यासाठी आतील तापमान ७४ अंश सेल्सिअस झाले की पुरते, पण पंख ८५ ते ९० अंशांपर्यंत गेला तरच खाण्यात मजा आहे. स्वयंपाकघरात थर्मामीटर नसेल तर खांद्याकडच्या तुकड्याचे हाड दोन बोटांत धरून किंचित फिरवून पाहावे. ते मांसात सैल फिरले म्हणजे झाले.

हा पदार्थ मुळात अमेरिकेचा. न्यूयॉर्क राज्यातील बफेलो शहरात, अँकर बार नावाच्या उपाहारगृहात, टेरेसा बेलिसिमो यांनी तो १९६४ मध्ये प्रथम केला, अशी सर्वांत प्रचलित हकीकत आहे. त्यांनी पंख मुरवले नाहीत की पिठात घोळवले नाहीत. ते नुसते तेलात तळले आणि तळून झाल्यावर लाल मिरचीचा आंबट सॉस व लोणी यांच्या मिश्रणात लोळवले. आपण नेमके उलट करतो. मसाला आधी चोळतो, तासभर मुरवतो आणि मग तळतो. रवा लावून तळलेल्या इसवणाला (सुरमईला) किंवा रेशाद हा लाल आंबट मसाला भरलेल्या बांगड्याला ही रीत शोभते, पण जिची सगळी करामत कातडीत आहे त्या वस्तूला ती मारक ठरते. हे मला पटायला चार वेळचे पंख खर्ची पडले.

पहिली खरेदी बाजाराजवळच्या, वर्षानुवर्षांच्या ओळखीच्या कोंबडीच्या दुकानातली. गोव्यात विकल्या जाणाऱ्या ब्रॉयलर कोंबड्या बहुतांशी शेजारच्या कर्नाटक व महाराष्ट्रातून जिवंत येतात आणि दुकानात गिऱ्हाइकासमोर कापल्या जातात. कापल्यानंतर पिसे काढण्याचे दोन मार्ग आहेत. पक्षी ५० ते ६० अंशांच्या आसपासच्या गरम पाण्यात बुडवून रबरी बोटे बसवलेल्या फिरत्या पिंपात टाकला तर पिसे निघतात आणि कातडी शाबूत राहते. दुसरा मार्ग घाईचा आहे. त्यात चीर देऊन पिसांसकट कातडी ओल्या सदऱ्यासारखी ओढून काढतात. रश्शासाठी आणि शागोतीसाठी कोंबडी नेणाऱ्या आपल्यासारख्यांना कातडी नकोच असते, म्हणून दुकानदार न विचारता दुसराच मार्ग धरतो. त्या दिवशी मी अर्धा किलो विंग्स मागितले आणि सोललेले, उघडेबोडके पंख घेऊन घरी आलो. कढईत पडताच ते आक्रसले, कडा तपकिरी होईपर्यंत आतले मांस हाडाला चिकटून सुतळीसारखे झाले. मुलीने एक संपवला आणि दुसऱ्याला हात लावला नाही. यात दुकानाचा दोष मला काढता येत नाही, कारण मी जे मागितले ते त्याने दिले होते.

दुसऱ्या खेपेला सोलायचे नाही, असे मी आधीच बजावले. सुरी थांबवून त्याने विचारले, "कात दवरूं, पात्रांव?" (कातडी ठेवू का, साहेब?) मी "हय, दवर" म्हटल्यावर तो मागच्या बाजूला गेला आणि पिंप घरघरू लागले. यंत्र दुकानात पहिल्यापासूनच होते. नाताळात अख्खी कोंबडी भाजण्यासाठी नेणारी ख्रिस्ती गिऱ्हाइके कातडी मागतात, तेव्हा ते चालते आणि एरवी झाकून ठेवलेले असते. सात पंखांचे वजन ४९० ग्रॅम भरले आणि त्याने अर्ध्या किलोचे म्हणून १३० रुपये घेतले. दहा ग्रॅमसाठी मी तोंड उघडले नाही, कारण साडेतीन कोंबड्यांचे पंख त्याने इतर गिऱ्हाइकांच्या वाट्यातून वेगळे काढून दिले होते. पंखांच्या खरेदीतला खरा हिशेब हाच आहे. कोंबडीला पंख दोनच असतात, त्यामुळे किलोभर पंख हवे असतील तर सात कोंबड्या कातडीसकट साफ झालेल्या असाव्या लागतात आणि छोट्या दुकानात असा योग आपसूक येत नाही. शनिवारी सायंकाळी सांगून ठेवले तर रविवारी सकाळी साडेआठपर्यंत ते वेगळे बांधून मिळतात. सोमवारी जाऊ नये. निम्मा गाव शिवराक, म्हणजे शाकाहारी, असल्याने त्या दिवशी कोंबड्याच थोड्या कापल्या जातात.

याच हिशेबाची दुसरी बाजू एका निराळ्या दुकानात अनुभवली. तिथे कातडीसकट पंख लगेच मिळाले, वजनही चोख होते, भावही किलोमागे वीस रुपये कमी होता. घरी पुडके सोडले तर आत चपटे तुकडे आणि टोकेच होती. खांद्याकडचे सगळे तुकडे लॉलीपॉपसाठी कुठल्या तरी हॉटेलकडे गेलेले असणार हे उघड होते. चपटा तुकडा मला व्यक्तिशः अधिक आवडतो, दोन हाडांमधली ती मांसाची पट्टी पंखातला सर्वांत रसाळ भाग आहे असे माझे ठाम मत आहे, तरी पूर्ण पंखाचे पैसे घेऊन टोके भरणे हे काही बरे नव्हे. तेव्हापासून मी पंख सांध्यांवर न तोडता अख्खेच मागतो आणि घरी तोडतो. सांधा बोटाने चाचपून, उलटा वाकवून, सुरीचे टोक खाचेत घातले की हाडाला धार न लागता तुकडे सुटतात. सात पंखांना पाच मिनिटेही लागत नाहीत. दुकानातल्या कोयत्याने तोडलेल्या तुकड्यांत हाडाच्या बारीक चिपा राहतात आणि त्या दाताखाली आल्या की जेवणाचा विरस होतो, हे आणखी एक कारण. ताज्या पंखांवर पिसांची आखूड खुंटे राहिलेली असतात; ती चिमट्याने उपटावीत किंवा गॅसच्या ज्योतीवरून पंख दोनदा फिरवावा. जळक्या पिसांचा वास घरभर होतो, म्हणून आमच्याकडे हे काम मागच्या बाल्कनीत करण्याचा हुकूम आहे.

गोव्यात आपण ज्याला सरसकट 'कोल्ड स्टोरेज' म्हणतो, म्हणजे गोठवलेले मांस, चोरीस (गोव्याचे डुकराचे सॉसेज) आणि हॅम विकणारी दुकाने, तिथेही पंखांची पाकिटे मिळतात. सोय मोठी आहे. सांगून ठेवावे लागत नाही, सोमवारीही मिळतात आणि कातडी असतेच. पण तीन पाकिटांचे तीन अनुभव आले. पहिले पाकीट ५०० ग्रॅमचे, १९५ रुपयांचे होते. रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात चाळणीवर ठेवून वितळवले आणि खाली जमलेले पाणी ओतून टाकल्यावर हातात ४१२ ग्रॅम उरले. म्हणजे किलोमागे भाव पडला तो ३९० नव्हे, ४७३ रुपये. पाकिटामागच्या बारीक अक्षरांत कोंबडी, पाणी, मीठ आणि आयएनएस ४५१ असे घटक लिहिलेले होते. हा फॉस्फेटचा प्रकार असून तो मांसात पाणी धरून ठेवतो. रश्शात त्याने काही बिघडत नाही, पण पंख कढईत पडल्यावर ते पाणी सतत बाहेर येत राहते, तेल उडते आणि कातडी तळली जाण्याऐवजी वाफेवर शिजते. वीस मिनिटांनंतरही ती फिकी आणि रबरासारखी होती. दुसऱ्या पाकिटात सगळे तुकडे एका विटेसारखे चिकटलेले होते आणि पाकिटाच्या आत बर्फाचे मोठे खडे जमले होते. एकदा वितळून पुन्हा गोठलेल्या मालाची ही खूण आहे. पावसाळ्यात वीज तासन्‌तास जाते तेव्हा कुठल्या फ्रीजरमध्ये काय झाले असेल हे गिऱ्हाइकाला कळण्याचा एवढाच मार्ग असतो. ते पाकीट मी परत करायला गेलो, तर बिलावर छापलेल्या 'विकलेला माल परत घेतला जाणार नाही' या ओळीवर बोट ठेवण्यात आले. दुकानाचे नाव मी इथे देत नाही, पण तिथे पुन्हा गेलेलो नाही.

तिसरे पाकीट उत्तम निघाले आणि ते ओळखण्याची खूण मला तेव्हा सापडली. पाकीट उचलून कानाजवळ हलवावे. आतले तुकडे गारगोट्यांसारखे सुटे खळखळले तर ते एकेक वेगळे गोठवलेले आहेत आणि वाटेत वितळलेले नाहीत. घटकांत 'कोंबडी' हा एकच शब्द होता. वितळल्यावर ५०० ग्रॅमचे ४६८ भरले, आणि कातडीही कोरडी व घट्ट होती. किंमत पहिल्या पाकिटाहून पंचवीस रुपये जास्त, म्हणजे २२० रुपये होती, पण प्रत्यक्ष हाती आलेल्या मालाचा भाव किलोला ४७० रुपये पडला. म्हणजे स्वस्त दिसणारे पाकीट त्याहून काकणभर महागच होते.

तयार मसाला लावलेल्या पाकिटांविषयी फार लिहिण्यासारखे नाही. एकदा घेतले, मसाल्यात साखर आणि रंग इतका होता की मांस शिजण्यापूर्वी बाहेरचा भाग करपला. 'बोनलेस विंग्स' या नावाने जे मिळते ते छातीच्या मांसाचे तुकडे असतात आणि पंखाशी त्यांचा संबंध नावापुरताच असतो. अशा तुकड्यात हाड निघाल्यावरून अमेरिकेत ओहायो राज्याच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत खटला गेला आणि 'बोनलेस' म्हणजे हाड नसल्याची हमी नव्हे, असा निकाल तिथे २०२४ मध्ये लागला. आपल्या ग्राहक आयोगांपुढे अजून तरी ही वेळ आलेली नसावी.

आता स्वयंपाकाकडे वळतो. कातडी कुरकुरीत होण्यासाठी ती कोरडी असली पाहिजे, आणि जुलैच्या गोव्यात कुठलीच वस्तू कोरडी होत नाही. दांडीवरचे कपडे तीन दिवस ओले राहतात, मिठाच्या बरणीत पाणी सुटते. अशा हवेत पंख पंख्याखाली ठेवून सुकवण्याचा प्रयत्न मी एकदा केला आणि माशा हाकलण्यापलीकडे काही साधले नाही. उपाय फ्रीजमध्येच आहे. फ्रीजच्या आतल्या हवेतली वाफ थंड नळ्यांवर गोठून बाहेर पडते, त्यामुळे आतली हवा बाहेरच्यापेक्षा पुष्कळ कोरडी असते आणि उघडी ठेवलेली भाजी जशी सुकते तशीच कातडीही सुकते. पंख नळाखाली धुऊ नयेत. धुण्याने जंतू जात नाहीत, उलट शिंतोड्यांबरोबर ओट्यावर आणि शेजारच्या कोशिंबिरीवर पसरतात. ते स्वच्छ फडक्याने किंवा कागदी रुमालाने टिपून घ्यावेत, जाळीच्या ताटलीवर एकमेकांना न चिकटता मांडावेत आणि फ्रीजच्या सर्वांत खालच्या कप्प्यात रात्रभर उघडे ठेवावेत. खालचा कप्पा अशासाठी की त्यांचा थेंब दुसऱ्या कशावर पडू नये. आमच्या आईसाठी त्याच फ्रीजमध्ये दही आणि देवाचे लोणी असते, त्यामुळे या व्यवस्थेला मंजुरी मिळवायला मला दोन दिवस लागले.

फ्रीजमध्ये ठेवण्यापूर्वी अर्ध्या किलोला एक सपाट छोटा चमचा बेकिंग पावडर आणि तेवढेच मीठ चोळावे. हे ऐकून मुलीने भुवया उंचावल्या होत्या, पण यामागे कारण आहे. बेकिंग पावडर किंचित अल्कधर्मी असल्यामुळे कातडीतली प्रथिने लवकर सुटतात आणि ती लवकर तांबूस होते. मीठ पाणी बाहेर ओढते. बेकिंग पावडरऐवजी खाण्याचा सोडा वापरू नये. मी एकदा डबा चुकलो आणि ते सातही पंख साबणासारखे लागले. सकाळी फ्रीजमधून काढलेला पंख हाताला चर्मपत्रासारखा लागला, कातडी थोडी पारदर्शक दिसू लागली, म्हणजे तो विस्तवावर जाण्यास तयार आहे.

कढई, ओटीजी (विजेची छोटी भट्टी) आणि एअर फ्रायर या तिन्हींत मी पंख केले. चवीत कढई सर्वांत वरचढ ठरली, मात्र दोनदा तळले तरच. पहिल्यांदा मध्यम आचेवर, तेल १५० ते १६० अंशांच्या आसपास असताना, दहा ते बारा मिनिटे तळून काढावे, चाळणीवर पंधरा मिनिटे निथळू द्यावे आणि मग तेल १९० अंशांपर्यंत तापवून तीन मिनिटे पुन्हा तळावे. पहिल्या तळणात कोलॅजेन मऊ होते आणि पाणी जाते, दुसऱ्यात कातडी फुगून कडक होते. दुसऱ्या तळणाचा आवाजच निराळा असतो. पहिल्यासारखा चुरचुराट नसतो, नुसती बारीक सळसळ ऐकू येते, कारण उडायला पाणीच उरलेले नसते. चाळणीत हलवल्यावर तुकडे एकमेकांवर आपटून खडखडले की समाधान वाटते. आपल्याकडे खोबरेल तेलाचा मोह होतो, पण घाण्याचे खोबरेल १७५ अंशांच्या आसपास धुरावू लागते, त्यामुळे दुसऱ्या तळणाला ते उपयोगी नाही. सूर्यफुलाचे रिफाइंड तेल घ्यावे.

ओटीजीमध्ये १२० अंशांवर अर्धा तास आणि नंतर २२० अंशांवर चाळीस मिनिटे ठेवले. किलोभर पंख एका वेळी होतात आणि पाहुणे असतील तर हाच मार्ग बरा. परंतु सव्वा तासाच्या या कामात विजेवर भरवसा ठेवावा लागतो. आमच्याकडे पंचावन्नाव्या मिनिटाला दिवे गेले, ते रात्री अकराला आले, आणि अर्धवट झालेले पंख शेवटी बिडाच्या तव्यावर झाकण ठेवून पुरे करावे लागले. चार लिटरच्या एअर फ्रायरमध्ये एका थरात जेमतेम दहा तुकडे मावतात. १८० अंशांवर वीस मिनिटे आणि २०० वर सात मिनिटे, मध्ये दोनदा उलटून, हे प्रमाण जमले. ढीग घातला तर खालचे तुकडे वाफाळून लिबलिबीत होतात, म्हणून चार माणसांसाठी तीन फेऱ्या कराव्या लागतात आणि पहिली फेरी खाऊन संपेपर्यंत तिसरी येत नाही. तरी रोजच्या वापराला मी एअर फ्रायरच सुचवीन. तेल लागत नाही. उलट पंखांचीच दोन-तीन मोठे चमचे चरबी खालच्या भांड्यात जमते. कढईची कातडी काचेसारखी तुटते, एअर फ्रायरची कागदासारखी चुरते. फरक आहे, पण कढईनंतर ओटा पुसण्यात जाणारा अर्धा तास हिशेबात धरला तर तो सोसण्यासारखा आहे.

राहिला सॉस. मुलीला बाटलीतला परदेशी लाल सॉस हवा होता आणि पणजीच्या एका सुपरमार्केटमध्ये तो मिळतही होता. पण त्या बाटलीवरचे घटक वाचले तेव्हा हसू आले. वाळलेली लाल मिरची, व्हिनेगर, मीठ आणि लसूण. आमच्या घरी माशांसाठी बरणीत जो रेशाद मसाला बारा महिने असतो त्यात याहून अधिक काय असते? सुक्या मिरच्या माडाच्या सुरेच्या व्हिनेगरमध्ये भिजवून, लसूण, आले, मिरी, जिरे, लवंग, दालचिनी आणि थोडीशी चिंच व साखर घालून पाण्याचा थेंबही न लावता वाटतात. आई त्यासाठी काणकोणातील खोल्याची मिरची मागवते. तिला २०१९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले आणि तेव्हापासून ती मिळवणे कठीण झाले, अशी आईची तक्रार आहे. रंगाला ती झळझळीत आणि तिखटाला बेताची असते, म्हणजे पंखांसाठी जशी हवी तशीच.

पहिल्या प्रयोगात मी हा मसाला पंखांना चोळून रात्रभर ठेवला होता. व्हिनेगर आम्ल असल्याने बेकिंग पावडर तिथल्या तिथे फसफसून निकामी झाली, ओल्या मसाल्याने कातडी भिजली आणि मसाल्यातली साखर व लसूण तेलात पडताच काळे पडले. काफ्रियाल या गोव्याच्या कोंबडीच्या पदार्थाच्या हिरव्या वाटणाचेही तेच झाले. ते वाटण कोथिंबीर आणि हिरव्या मिरचीने इतके ओले असते की त्यात पंख शिजवून आटवलेलेच चांगले लागतात, आणि तो स्वतंत्र, उत्तम पदार्थ आहे, पण तो कुरकुरीत नसतो. बफेलोचा क्रम पाळला तेव्हा गणित सुटले. दोन मोठे चमचे रेशाद मसाला छोट्या कढईत मंद आचेवर, लसणाचा कच्चा वास जाईपर्यंत परतावा, त्यात दोन चमचे व्हिनेगर, चिमूटभर गूळ आणि आच बंद केल्यावर पन्नास ग्रॅम थंड लोणी तुकड्यातुकड्यांनी घालून ढवळावे. लोणी उकळत्या मसाल्यात घातले तर तूप वेगळे होते आणि रस फाटतो. बंद आचेवर ते मसाल्यात मिळून येते व चमच्याच्या पाठीला दाट चिकटते. मग तळलेले गरम पंख मोठ्या पातेल्यात घेऊन वर हा रस ओतावा, झाकण लावून पातेले चार-पाच वेळा उडवावे आणि लगेच ताटात काढावेत. लगेच म्हणजे खरोखर लगेच, कारण दहा मिनिटांत कातडी रस पिऊन मऊ होते.

आई कोंबडी खात नाही. तिच्या लहानपणी कोंबडी घराबाहेरच्या चुलीवर शिजत असे आणि वेगळी भांडी लागत. माशांचा मसाला कोंबडीवर घातलेला पाहून तिने नापसंती बोलून दाखवली, पण पातेल्यात पंख पडण्यापूर्वी बाजूला काढून ठेवलेला लोण्यातला रेशाद तिने संध्याकाळच्या गरम पोयीबरोबर, म्हणजे गोव्याच्या पावाबरोबर, चाखला आणि मिरच्या अजून थोड्या भिजायला हव्या होत्या, एवढाच शेरा दिला. पोदेराचा (पाववाल्याचा) हॉर्न पावणेसहाला वाजतो. पंखांचे दुसरे तळण त्याच सुमारास काढले तर पोयी आणि पंख दोन्ही गरम मिळतात. अमेरिकेत यासोबत सेलरी आणि निळ्या बुरशीच्या चीजची चटणी देतात. आम्ही काकडीचे तुकडे आणि मीठ, जिरे घातलेले घट्ट दही घेतले आणि कशाची उणीव भासली नाही.

पंखांची टोके मी टाकत नाही. ती फ्रीजरमध्ये एका डब्यात साठवतो आणि तीस-पस्तीस जमली की आले, मिरी व कांदा घालून दोन तास उकळतो. गार झाल्यावर तो रस फ्रीजमध्ये थरथरत्या वडीसारखा घट्ट होतो. उरलेले पंख, जर उरलेच तर, रस न लावता झाकून ठेवावेत आणि दुसऱ्या दिवशी एअर फ्रायरमध्ये १८० अंशांवर पाच मिनिटे गरम करावेत. मायक्रोवेव्हमध्ये घातले तर कातडी पुन्हा रबरासारखी होते. श्रावण लागल्यावर आमच्याकडे महिनाभर हे सगळे बंद होते, आणि त्या आदल्या रविवारी दुकानात इतकी गर्दी असते की पंख बुधवारीच सांगून ठेवावे लागतात.